इटलीवालीचा काळा झगा

आधी जैबूखालाचं नाव लिहून ठेवते, मग काय घडलं ते सांगते. शिवण कुठं शिकलीस असं कुणीही विचारलं, की गाव, शाळा, आईबाप यांतलं काही निघायच्या आधी माझ्या तोंडून ‘जैबूखाला’ निघतं. शाळेचं तर सांगण्यासारखं काही नाहीच. सातवीनंतर मी वर्गाचं तोंड पाहिलं नाही. जैबूखालाने मला डोक्यावर छप्पर दिलं, हातात सुई दिली आणि एका दुपारी भरलेल्या नाट्यगृहात मला पाठीत धक्का दिला. यातला धक्का तिला मान्य नाही. अजून म्हणते, “मी कुठं ढकललं? तुझेच पाय गेले.” गेले असतील. 

आम्ही परभणीकडचे. मावशीचे यजमान खारघरच्या इमारतींवर गवंडी होते, बेलपाड्याच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहायचे. मावशीच्या बाळंतपणात हाताशी कुणी असावं म्हणून मला आणलं. बाळ चालायला लागलं, इमारत पुरी झाली, ती माणसं पुण्याकडच्या कामावर निघाली, आणि मला आता कुठं ठेवायचं हा प्रश्न पडला. मावशी साडीला फॉल लावायला पनवेलमध्ये जैबूखालाकडं द्यायची. तिथं बसल्या बसल्या मी एकदा सुटलेली पट्टी टाचून दिली होती, तेवढं खालाच्या लक्षात होतं. ती मावशीला म्हणाली, “ही पोरगी राहू दे माझ्याकडं. हात सरळ हाय हिचा.” मी रडत रडत तिथं राहिले. पहिल्या दिवशी मी तिला ‘तुम्ही’ म्हणाले तर तिने सुई थांबवून माझ्याकडं पाहिलं. “खाला म्हणजे मावशीच, तिला कुणी तुम्ही म्हणतं का गं? मी काय मामलेदार हाय?”

घर मशिदीमागच्या गल्लीत. खाली राहायचं, वर माडीवर कारखाना. कारखाना म्हणजे तीन शिलाई मशिनी, एक कापडाचा पुतळा आणि छतापर्यंत टांगलेले भाड्याचे ड्रेस. झाशीच्या राण्या, मावळे, पऱ्या, वाघ, आणि बालवाडीच्या फॅन्सी ड्रेसला लागणारी वांगी नि टोमॅटो. शाळांची गॅदरिंग सुरू झाली की माडीवर पाय ठेवायला जागा उरायची नाही. मशिनींचा खडखडाट, खालच्या बेकरीत पाव उतरतानाचा पत्र्याचा आवाज, मधूनच अजान. अजान झाली की खाला मशीन थांबवायची, डोक्यावरची पांढरी ओढणी पुढं ओढायची, आणि त्या शांततेत मला माझ्याच हातातली सुई कापडातून जाताना ऐकू यायची. तिचे यजमान कुवेतला होते, तिकडंच वारले. तेव्हापासून ती पांढरी ओढणी. तिचा भाऊ उरणहून तिला न्यायला आला होता म्हणे. ती गेली नाही. का गेली नाही ते मी कधी विचारलं नाही, तिने सांगितलंही नाही.

जेवणाचं मात्र सुरुवातीला माझं जमेना. मला हवी ज्वारीची भाकरी, ती ठेचा नाहीतर पिठल्याबरोबर. इथं तांदळाची, उकड काढून केलेली, पांढरीशुभ्र, मऊ. आणि सगळ्यात नारळ! खालाने बाजारातून माझ्यासाठी ज्वारीचं पीठ आणलं, स्वतः थापायला बसली आणि भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. “या अल्ला, हे काय पीठ हाय की माती?” मी हसले. त्या घरात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. मग ठरलं, माझी भाकरी मी थापायची आणि तिची ती. सुक्या जवळ्याची चटणी दोघींच्या भाकरीवर सारखीच चालायची. आज माझ्या घरी दोन्ही पिठांचे डबे असतात. पाहुणे विचारतात, हे काय. मी म्हणते, एक माहेरचं, एक खालाचं.

तर त्या वर्षी घरत मॅडम आल्या. त्या कॉलेजात शिकवायच्या, नाटकं बसवायच्या, बेलपाड्याच्याच होत्या. साडी कडक इस्त्रीची, बोलणं पुस्तकातल्यासारखं. सोबत ऋतुजा नावाची उंच मुलगी होती. ती नाटकातली मुख्य बाई. नाटक स्पर्धेचं होतं, इटलीतल्या चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या एका सरदारघराण्यातल्या बाईवर. पाण्यावर वसलेलं तिचं शहर, घराबाहेर पडलं की होडीच. खाला लगेच म्हणाली, “म्हणजे आपल्या उरणच्या मोरा बंदरासारखं.” मॅडम म्हणाल्या, हो, जरा मोठं. बाईचं नाव होतं ओर्सोला. आमच्या जिभेवर ते बसेना, म्हणून आम्ही तिला ‘इटलीवाली’ म्हणायला लागलो.

मॅडम सांगू लागल्या आणि माझ्या हातातला बटणाचा डबा तसाच राहिला. माझ्यापेक्षाही लहान वयात तिचं लग्न एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याशी लावलेलं. तो लवकर गेला. जहाजं, गोदामं, शेतं, सगळं तिच्या पदरात. भाऊ म्हणाला, एक तर मी सांगतो त्याच्याशी दुसरं लग्न कर, नाहीतर मठात जाऊन बस. तिने दोन्हीला नकार दिला. स्वतः गोदामात उभी राहून रेशमाच्या गाठी मोजून घ्यायची. चित्रकारांना जेवायला बोलवायची, त्यांच्याशी वाद घालायची. आणि घराचा अर्धा भाग तिने उघडून दिला अशा मुलींसाठी, ज्यांना जायला घर नव्हतं. त्यांना लेस विणायला शिकवली. मरताना आपले कपडेसुद्धा त्यांच्यातच वाटले. मॅडम म्हणाल्या, “ते घर अजून उभं आहे आणि तिथं अजून लेस विणतात.” मी विचारलं, “मुलीच?” मॅडम हसल्या. “मुलीच.” मला का कोण जाणे इतका आनंद झाला, जणू माझ्याच कुणाची बातमी आली होती.

खालाने कामाचं विचारलं. कशी होती बाई? “श्रीमंत. विधवा. पण राणीसारखी राहायची.” फोटो? तो पुस्तकात आहे, पुढच्या वेळी आणते, असं म्हणेपर्यंत मॅडमचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत जिना उतरल्या. खाला मला म्हणाली, “विधवा म्हणजे पांढरं. पण भारी पांढरं.” मलाही दुसरं काही सुचलं नाही. माझ्या आजीचं लुगडं पांढरं, खालाची ओढणी पांढरी. विधवा म्हटल्यावर दुसरा रंग डोक्यात येणार कुठून? आगाऊ मिळालेले सगळे पैसे आम्ही पांढऱ्या साटनात घातले. पायघोळ झगा, कंबरेला चुण्या, फुगीर बाह्या. आमचं काम भाड्याच्या ड्रेसचं, त्यामुळे आत दोन-दोन बोटं दाब सोडायचा, म्हणजे उद्या जाड बाई आली तरी उसवून वाढवता येतं. पुतळ्यावर तो झगा चढवला तेव्हा माडी उजळली. खाला म्हणाली, “माशाल्ला! हिला बघून नवऱ्याचं भूतसुद्धा परत येईल.”

त्यातच घरून बोलावणं आलं. दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा फोन आला होता. घरी तुझ्या लग्नासाठी पाहुणे पाहून ठेवलेत, रविवारी येतो, तयारीत राहा. मी ‘हो’ म्हणाले. दादाला ‘नाही’ म्हणायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. खालाने फोन घेतला. “ये बाबा, जरूर ये. पण इतवारीच हिच्या हातचं नाटक हाय. आधी ते बघ, मग बोलू आपण.” फोन ठेवून मला म्हणाली, “काम चांगलं झालं तर मला तोंड हाय त्याच्याशी बोलायला. काय बोलू नायतर? पोरगी भाकरी चांगली थापते?”

मॅडम पुस्तक घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. “अहो, हे काय? ही तर नवरी झाली!”

खाला म्हणाली, “नवरी कशी? विधवा हाय ती.”

“त्यांच्यात नवरी पांढरं घालते, खाला. विधवा काळं.”

“काळं? आणि पांढऱ्यात लगीन?” खालाने कपाळावर हात मारला. “उलट्या बोटीत बसलेली माणसं सगळी.”

पुस्तकातलं चित्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काळ्या मखमलीतली बाई. काळं, पण दबलेलं नाही. त्या काळ्यात ती एखाद्या किल्ल्यासारखी उभी. खांद्याजवळ, कोपराजवळ काळ्याच्या फटींतून आतलं पांढरं बाहेर फुगलेलं. मॅडम चिडल्या नाहीत. त्या खाली बसल्या, आणि ते जास्त वाईट होतं. परवा रविवार. मी झग्याच्या उरलेल्या कापडाचा तुकडा घेऊन रंगाऱ्याकडं पळाले. त्याने बोटांत चोळून पाहिला. “पॉलिस्टर आहे बाई, रंग धरणार नाही. राखाडी होईल, तेही डाग-डाग.” परत येताना मला एसटी स्टँड दिसला. परभणीची गाडी तिथूनच सुटते, हे मला रोज माहीत असायचं. त्या दिवशी ते पहिल्यांदा टोचलं.

माडीवर आले तर शेजारच्या फरीदाआपा चहाला आलेल्या. त्यांचे यजमान दुबईला, दर सुट्टीला नवा बुरखा घेऊन यायचे. पुढून उघडा, दुबईच्या झुळझुळीत कापडाचा, काठाला खड्यांचं काम. उकाड्याने हैराण होऊन त्यांनी तो काढला आणि नेहमीसारखा पुतळ्याच्या खांद्यावर फेकला. पुतळ्यावर आमचा पांढरा झगा होता.

काळं दोन्ही बाजूंनी खाली आलं. मधून पांढरं दिसलं. खड्यांची रेघ गळ्यापासून पायापर्यंत चमकली.  मग मी आणि खाला एकदमच ओरडलो. फरीदाआपांच्या बशीतला चहा सांडला.

“काय झालं? पाल हाय का?”

“आपा, हलू नका! म्हणजे तुम्ही हला, बुरखा राहू द्या!”

त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्या आधी गाल फुगवून बसल्या आणि मग म्हणाल्या, “घ्या. पण कैची लावलीत तर बघा. ईदेला घालायचा हाय मला.” दुपारी सगळ्या गल्लीत बातमी झाली. बायका आपापले बुरखे घेऊन जिना चढू लागल्या. जुने, नवे, एक कुवेतचा, एक मस्कतचा, एक गल्लीतल्याच नफिसाच्या लग्नातला, ज्याचा घेर इतका की आत दोघी मावल्या असत्या. प्रत्येकीची अट तीच, कापायचं नाही. अन् प्रत्येकीला इटलीवालीची गोष्ट पहिल्यापासून ऐकायची होती. ती मी सांगितली! मी, जिला सातवीत कविता म्हणताना रडू कोसळायचं. जहाजांपाशी आले की बायका माना डोलवायच्या, कारण त्यांच्या घरांतून कुणी ना कुणी जहाजावर गेलेलं होतंच. भावाची गोष्ट आली की नफिसा म्हणायची, “मेल्याला बहिणीचं काय पडलं नव्हतं, जहाजं पाहिजे होती.”

न कापता शिवायचं म्हणजे सगळं घड्यांवर. नफिसाच्या घेराच्या चुण्या घालून कंबरेला कच्चा टाका घातला, मस्कतचा पाठीवर सोडला, फरीदाआपांचा समोर. खांद्यापाशी दोन बुरखे नुसते रिबिनीने बांधले, म्हणजे फटीतून आतलं साटन चित्रातल्यासारखं फुगून बाहेर येईल. खाला सांगत होती, मी टाचत होते. मधेच माझ्या लक्षात आलं, मगापासून तिने काही सांगितलेलंच नाही. ती नुसती बघत होती. मॅडम ऋतुजाला घेऊन आल्या, तिला घातला, आणि त्या पुस्तकी बोलणाऱ्या मॅडम दोन्ही हात गालांवर ठेवून बेलपाड्याच्या बोलीत म्हणाल्या, “आवो खाला, ही तर तीच हाय! ऋतुजा म्हनून नाय म्हंजे नायच वलखायची आमी हिला!” मग त्या स्वतःच लाजल्या.

रविवारी दादा आला. धुतलेला पांढरा सदरा, हातात माझ्यासाठी आईने दिलेली कापडी पिशवी. मला पाहून तो हसला, मला रडू आलं. वाईट माणूस नव्हता तो. खालाने त्याला पोटभर जेवू घातलं आणि गल्लीतल्या बायकांबरोबर नाट्यगृहात पाठवलं. बाल्कनीत त्याच्या मागेपुढे सगळ्या बुरखेवाल्या, ज्यांचे चांगले बुरखे स्टेजवर होते म्हणून त्या जुने घालून आलेल्या. पडदा वर गेला आणि ऋतुजा उजेडात आली तसा वरून आवाज आला, “तो समोरचा माझा!” “श्श! मागचा बघ, मस्कतचा.” मी आणि खाला विंगेत, सुईदोरा हातात घेऊन.

भावाचा प्रवेश आला. रंगमंचावरचा भाऊ ओरडला, लग्न नाहीतर मठ, आजच्या आज ठरव. ऋतुजाने रागाने हात वर केला आणि मला दिसलं, उजव्या खांद्याची रिबीन सुटली. काळं घसरायला लागलं. खांद्यावरून, दंडावरून. तिने कोपराने दाबून धरलं, पण पुढं तिला दोन्ही हात लागणार होते आणि कंबरेचे टाके सगळे त्याच वजनावर होते. एक गेला की चुणीमागून चुणी सुटून बुरखे पायांत येऊन पडणार.  तेवढ्यात पाठीत धक्का बसला.

मी उजेडात होते. पायांत चप्पल नाही, डोक्यावर ओढणी, हातात सुई. समोर अंधार, त्यात दादा. मला दुसरं काहीच येत नव्हतं, म्हणून जे येत होतं ते केलं. ऋतुजाच्या मागं गेले, काळं उचललं, खांद्यावर बसवलं आणि टाका घालायला लागले. ऋतुजा हुशार पोरगी. दासी आली आहे असं समजून ती बोलतच राहिली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या भावाला विचारलं, “आणि ही? मी गेल्यावर हिनं कुठं जायचं?” हे नाटकात नव्हतं. तो मुलगा गडबडला. त्याने माझ्याकडंच पाहिलं आणि म्हणाला, “हिलाच विचार.”

 माझा दोरा अजून तोडायचा होता. मी दातांनी तोडला आणि बोलले, आमच्या गावाकडच्या बोलीत, “मला नाही जायचं. मी हितंच ऱ्हाणार हाय. मला काम येतंय.”

टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, नाटकातलं वाक्य. मी कशी आत आले आठवत नाही. खाला ओढणीने डोळे पुसत होती आणि हसतही होती. नाटकाला शेवटी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी वेशभूषेबद्दल विचारलं तेव्हा मॅडमनी माझं नाव सांगितलं, आणि बाल्कनीतून फरीदाआपा ओरडल्या, “बुरखा माझा!”

दादा बाहेर चहाच्या टपरीपाशी उभा होता. पिशवी अजून त्याच्याच हातात. म्हणाला, “छाया, तू तिथं बोललीस, ते नाटकातलं का खरं?”

“दादा, मला नाटकातलं काय येतंय?”

त्याने चहाचा ग्लास टपरीवर ठेवला. “आईला काय सांगू मग?”

खाला मागून आलेली. “सांग, पोरगी कामावर हाय. आणि पाहुण्यांना सांग, घाई असली तर दुसरीकडं बघा.”

“तुमी हिच्या कोण लागता?” त्याने विचारलं. रागाने नाही, त्याला खरंच समजत नव्हतं.

“कोण नाय,” खाला म्हणाली. “तू भाऊ हायस. तूच ठरव.”

 एवढं करून खालाने परत दोरी त्याच्याच हातात दिली होती! दादाने माझी बोटं पाहिली, सुयांनी भोकं पडलेली. मग पिशवी माझ्याकडं दिली. “आईनं लाडू दिलेत. दिवाळीला ये.” तो एसटीत चढेपर्यंत मी धावत त्याच्याबरोबर गेले, खिडकीशी उभी राहिले, आणि गाडी त्याला एकट्यालाच घेऊन गेली. परतताना मला उडी मारावीशी वाटत होती आणि मी भर रस्त्यात मारलीही.

आता खारघरमध्ये माझं स्वतःचं दुकान आहे. मोबाइलवर मी मॅडमच्या पुस्तकातल्यासारखी चित्रं शोधत बसते. काळ्या मखमलीतल्या कितीतरी बाया सापडतात, प्रत्येक वेळी वाटतं, हीच ती. खालाच्या गुडघ्यांना जिना चढवत नाही, तिने माडी बंद केली. आता पनवेलजवळच्या नव्या विमानतळावरून विमानं उडतात, तिच्या खिडकीतून दिसतात. गेल्या शुक्रवारी मी तिला म्हणाले, “खाला, मी तुला विमानाने नेणार. पाण्यावरचं ते शहर, ते घर, लेस विणणाऱ्या मुली, सगळं दाखवणार. तुझं माझ्यावर फार आहे गं, मला ते फेडू दे.” तिने दात नसलेल्या तोंडाने हसून म्हटलं, “आधी मक्का. मग तुझी इटलीवाली.” मला भीती वाटते. वयाची वाटते, तिच्या गुडघ्यांची वाटते, विमानाची तर वाटतेच. तरी इथं लिहून देते, खाला: आधी मक्का, मग इटली. दोन्ही ठिकाणी तुझं सामान मी उचलणार.